तिसरी रिंग

मी एक जुना फोन आहे. काळा, जड, तबकडी फिरवायचा. मित्रांनो, हसू नका! तुमचे खिशातले फोन गातात, फोटो काढतात. मला फक्त वाजता येतं. पण वाजायचो तर घर दणाणून सोडायचो.

माझा जन्म कारखान्यातला. एका चष्मेवाल्या बाईंनी माझ्या पोटात पितळेच्या दोन वाट्या बसवल्या, मधोमध इवलीशी हातोडी लावली आणि मी पहिल्यांदा ‘ट्रिंग’ केल्यावर म्हणाल्या, “आवाज खणखणीत आहे हो याचा!” एवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं.

मग मी पुस्तकबांधणीचं काम चालणाऱ्या एका घरात आलो. दुसरा मजला, बाहेरची खोली म्हणजेच दुकान. सुटी पानं, दाभण, दोरा, खळीचं पातेलं. त्या घरातली दहा वर्षांची मुलगी एका जागी म्हणून टिकायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. समोरच्या इमारतीत तिचा मित्र राहायचा. तो बोलण्याआधी इतका विचार करायचा की भिंगरीने त्याचं नावच ठोंब्या ठेवलं.

दोघांची एक खूण होती. दोन रिंग वाजून मी गप्प झालो की समजायचं, ‘खाली ये.’ मला उचलायचं नाही. भिंगरी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत थेट फाटकाशी!

“या फोनला पडसं झालंय का गं?” तिचे बाबा विचारायचे. “रोज संध्याकाळी दोनदाच शिंकतो!”

वर्षं गेली. भिंगरी बाबांच्या हाताखाली बांधणी शिकली. ठोंब्या लांबच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करू लागला आणि दर रविवारी फोन करू लागला. म्हणजे फोन तो करायचा, बोलायची ती.

“दिवसभर अडकलेल्या लिफ्ट सोडवतोस,” ती चिडवायची, “आणि तुझं बोलणं मात्र दोन मजल्यांच्या मधे अडकलेलं!”

तो हसायचा आणि काहीतरी सांगायला श्वास घ्यायचा. तो श्वास मला ऐकू यायचा, मित्रांनो. तिला नाही, कारण तोवर तिचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असायचं.

एका बुधवारी संध्याकाळी ती घरी एकटीच होती. पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होती. मी वाजलो. दोन रिंग, मग शांत.

“ठोंब्या घरी आलाय!” ती ओरडली आणि तशीच खळीच्या हातांनी खाली पळाली.

ती जिना उतरते न उतरते तोच मी पुन्हा वाजू लागलो. तीन, पाच, दहा. अगदी जीव तोडून! खोलीत नुसता पंखा आणि मी. फाटकापर्यंत माझा आवाज पोचत नव्हता. शेवटी मी थकलो. नाही, तो थकला.

अंधार पडल्यावर ती वर आली. “थट्टेलाही काही हद्द असते,” असं मलाच म्हणाली. चूक त्याची, त्यानेच फोन करावा, असं तिने ठरवलं. त्याने केला नाही. रविवार येत राहिले, नुसतेच.

पुढच्या वर्षी त्याच्या लग्नाचं कार्ड आलं. तिने ते दोनदा वाचलं आणि एका वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून टाकलं. कागद जाड होता, वाया कशाला घालवायचा?

बाबा गेले, मग आईही गेली. माझ्यावर धूळ साचली. भिंगरीची भाची म्हणाली, “मावशी, हे धूड काढून टाक ना!” मावशी म्हणाली, “राहू दे. चालू आहे अजून.”

आणि यंदा, एकतीस वर्षांनी, दारात एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा राहिला.

“बायकोची वही आहे,” तो म्हणाला. “शिवणाची मापं लिहायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन. पानं सुटताहेत. बांधून देशील, भिंगरी?”

कितीतरी वर्षांनी तिला कुणीतरी भिंगरी म्हटलं होतं!

“गुरुवारी होईल,” ती म्हणाली. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

“त्या बुधवारी तू फोन उचलला नाहीस. मी समजलो काय समजायचं ते.”

“उचलू कशी? दोनच रिंग दिल्यास! खाली धावले मी. अंधार पडेपर्यंत फाटकात उभी होते.”

तो खुर्चीत बसलाच. “अगं, दोन रिंग झाल्या आणि माझा धीर सुटला, म्हणून ठेवला. मग धीर गोळा करून परत केला. लग्नाचं विचारायचं होतं.”

मित्रांनो, मी सगळ्यांचे शब्द वाहून नेतो, पण माझा स्वतःचा एकही नाही. असता तर त्याच संध्याकाळी तिला सांगितलं असतं.

“ठोंब्या रे,” ती एवढंच म्हणाली. तो वही ठेवून गेला.

गुरुवारी वही तयार झाली. ती दुसऱ्या पुस्तकाला खळ लावत असताना मी वाजलो. एक. दोन. ती सवयीने दाराकडे वळली. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

आणि तिसरी!

खळीच्या हातांनीच तिने रिसीव्हर उचलला.

“वही झाली का, ते विचारायला केला,” तो म्हणाला. मग तोच जुना श्वास. या वेळी ती मधे बोलली नाही. थांबली.

“खोटं सांगितलं. घर खायला उठतं गं. तुझ्याशी बोलायचं होतं.”

“बोल,” ती म्हणाली. “ऐकतेय मी.”

आता ते रोज बोलतात. गेलेली एकतीस वर्षं काही परत यायची नाहीत; तेवढी लांब माझी तार नाही. माझ्या रिसीव्हरवर वाळलेल्या खळीची पाच बोटं उमटली आहेत. धूळ खुशाल पुसा, ती बोटं राहू द्या. आणि कुणाला मनातलं सांगायला फोन लावलात, तर दोन रिंगांवर ठेवू नका रे. तिसरी वाजू द्या.