गाव सोडल्याचे कारण

लता पगारेला विलायतेला जायचं होतं, आणि एकदा तिनं मनावर घेतलं की ती गोष्ट होणारच, हे गंगापूर रोडवरच्या इस्पितळात डॉक्टरांपासून आयांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. लंडनजवळच्या एका इस्पितळानं तिला नर्स म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. "या देशानं आपल्याला काय दिलं ते बघून झालं, आता दुसरा बघते," असं ती हसत हसत म्हणायची, पण ते हसू काही खरं नव्हतं. सगळे कागद तयार होते. अडलं होतं फक्त जन्मगावच्या दाखल्यावर. सोमवारी तो मुंबईला पोचला नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

म्हणून १९७९ सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी ती आईला, सरुबाईला, घेऊन सिन्नरपुढच्या त्या खेड्यात एसटीतून उतरली. दोघी बावीस वर्षांनी गावात आल्या होत्या. गाव सोडलं तेव्हा लता पाच वर्षांची होती.

ग्रामपंचायत जुन्या चावडीतच होती. बाहेर ओट्यावर चार-पाच शेतकरी उद्याच्या पोळ्याची बोलणी करत बसले होते. सरपंच सावळीराम पाटील म्हणजे तिशीतला, इस्त्रीच्या पायजम्यातला माणूस. त्यानं दोघींना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. स्वभावानं भला, अक्षरही छान. पण दाखल्यांच्या वहीत, चावडीला प्रत राहावी म्हणून कार्बन घालून, लिहिता लिहिता तो 'गाव सोडल्याचे कारण' या रकान्याशी आला आणि त्यानं बिनघोर लिहून टाकलं, 'स्वखुशीने'.

"ते खोडा," लता म्हणाली.

"अहो सिस्टर, समद्यांचं असंच लिवतो. रिवाज हाय."

"आमच्या लोकांनी बौद्ध झाल्यावर मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, म्हणून गावानं मेलेलं वासरू आमच्या विहिरीत टाकलं. किराणा बंद केला, गिरणी बंद केली, शेतावरचं काम बंद केलं. ते लिहा."

ओट्यावरचे शेतकरी वळून आत बघू लागले. सावळीरामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी नऊ वर्साचा होतो तवा. मी काय केलं तुमचं?"

"काहीच नाही. उद्या वेशीतून पहिली बैलजोडी कुणाची निघणार?"

"आमची. सात पिढ्यांचा मान हाय."

"त्या सातांतलं तुम्ही काय केलं?"

सरपंचानं पेनाला टोपण लावलं. लता मात्र थांबली नाही. वॉर्डात ऐन मोक्याला नातेवाइकांना बाहेर काढताना तिचा आवाज लागायचा, तसाच आता लागला होता.

"मान मागच्यांचा चालतो, तर मग वासरूही चालवून घ्या. आणि मी तुम्हाला विचारतच नाही. हा शिक्का गावाचा आहे. मी गावाला विचारतेय."

सरुबाईनं तिचा पदर ओढला. "लिवू दे ना बाय काय बी. तुला जायचंय ना?"

जायचं तर होतंच. सरपंचानं वही मिटली की लंडन संपलं, हे तिला समजत होतं, आणि क्षणभर ती खरोखर घाबरली. पण स्वखुशीचा कागद घेऊन विमानात बसायचं, म्हणजे गावाला साऱ्यातून मोकळं करून जायचं. ते तिच्यानं होणार नव्हतं.

सावळीराम आता चिडला होता. "तुम्ही तर देशच सोडून चालला. मंग हे लिवून कोनाला उपेग?"

हे वर्मी लागलं. पण लता डगमगली नाही.

"जाणारी मी. गाव इथंच राहणार आहे. ज्याला इथं राहायचंय त्यालाच हे लागेल."

सरपंचानं एकदा ओट्यावरच्यांकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. मग त्यानं 'स्वखुशीने'वर रेघ मारली.

"सावळ्या, गावाची अब्रू हाय ती!" ओट्यावरून म्हातारा बहिरू ओरडला.

"ती तवाच गेली, आबा. मी निस्तं लिवून ठेवतोय."

लिहून झालं, सही झाली. सरुबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं ते स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवलं. गावानं विहीर नासवली, दाणापाणी तोडलं, म्हणून कोंडाजी पगारे याचं कुटुंब इसवी सन एकोणीसशे सत्तावनमध्ये गाव सोडून गेलं. ओट्यावरचे सगळे ऐकत होते. कोणी उठून गेलं नाही, आणि कोणी खोटं आहे असंही म्हणालं नाही. सावळीरामनं शिक्का उचलला.

"थांब," सरुबाई म्हणाली. "गेणूचं ऱ्हायलं."

लतानं चमकून आईकडे पाहिलं. धाकट्या भावाचं नाव बावीस वर्षांत घरात कोणी काढलं नव्हतं. झोळीतलं रडणं तिला अंधुक आठवत होतं. ते कशानं थांबलं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं, आणि आईनं सांगितलं नव्हतं.

"दुसरं पानी नव्हतं रे," सरुबाई सरपंचाला म्हणाली. "तेच पाजलं मी. माझ्या हातानं पाजलं. तीन दिसांत हगवनीनं गेलं लेकरू. समदे म्हनाले, आईनंच बघितलं नाय. मी बी तेच म्हनत आले."

सावळीरामनं शिक्का खाली ठेवला. पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"पूर्ण नाव सांगा, मावशी."

सरुबाई खुर्चीतून उठून उभी राहिली आणि ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गेणू कोंडाजी पगारे. वय दीड वरीस. गावानं मारला, असं लिव."