बाबांची बदली

खोटं बोलायचंच असेल तर माणसानं निदान झेपेल एवढं तरी बोलावं. रेवती नेमकं न झेपणारं बोलून बसली होती.

तिचा नवरा सुधन्वा दिवाळीआधी गुवाहाटीला ऑफिसच्या टूरवर गेला आणि तिथेच झोपेत गेला. क्रियाकर्म परस्पर साताऱ्याला उरकलं. सात वर्षांच्या स्वरूपाला तेवढे दिवस शेजारच्या ममताकडे ठेवलं होतं. परत आल्यावर लेकीनं विचारलं, बाबा कुठेत? रेवतीच्या तोंडून निघून गेलं, त्यांची तिकडेच बदली झाली. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधल्या पोरांना बदलीचं काय नवल! आधी बाबा जातात आणि परीक्षा संपली की बाकीचे सामान बांधून मागोमाग जातात, हे पोरीला पक्कं ठाऊक.

आणि आज परीक्षा संपली होती.

रेवती ऑफिसातून आली ती पाय ओढतच. तिनं कुकर लावला, तोवर स्वरूपा नेहमीचं पुस्तक घेऊन हजर. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी दिलेलं, हिंदीतलं. खारीच्या पिल्लाचा बाप मरतो, मग ते कसं सावरतं, अशी गोष्ट. याच्या आधारानं सांगणं सोपं जाईल, असं बाई म्हणाल्या होत्या. सोपं म्हणे! रेवती रोज ते मराठीत करून वाचायची आणि ते पान आलं की खारीच्या बापाची लांबच्या झाडावर बदली करून मोकळी व्हायची. दिल्लीत वाढलेल्या पोरीला हिंदी आपल्यापेक्षा चांगलं वाचता येतं, हे शहाण्या रेवतीच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आजही ते पान आलं. "मग पिल्लाच्या बाबांची..." एवढं म्हणून ती थांबली. थकली होती हो ती. खोटं रेटायलाही अंगात बळ लागतं.

स्वरूपानं ओळीखाली बोट ठेवलं. "बदली कुठे लिहिलंय, आई? 'मर गए' लिहिलंय."

कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

तुला कधीपासून माहीत आहे, असं रेवतीनं कसंबसं विचारलं. पुस्तक आणलं त्याच दिवशी वाचलं, पोर म्हणाली. शिवाय बदलीवाल्या बाबांचे फोन येतात. वर्गातल्या अंशुमनच्या बाबांचा रोज येतो.

रेवतीनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. इतके महिने दडवलेलं तिनं शेवटी बाहेर काढलं.

"बाबा वारले, सोनू. ते आता येणार नाहीत."

"मला माहितीये. पण तू सांगितलंच नाहीस. मग मी रडणार कशी?"

आणि मग पोरीनं असं भोकाड पसरलं की पलीकडच्या क्वार्टरमधून ममता धावत आली. गॅस तिनंच बंद केला. मायलेकी एकमेकींना सोडायलाच तयार नव्हत्या.