सूनबाईच्या डॉक्टरेटवर बोललेला कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. आरवत नाहीये, बोलतोय. तेव्हा एकदा तरी कूस न बदलता ऐकून घ्या. आत्ता मी डालग्याखाली आहे, डालग्यावर पाटा ठेवलाय आणि पलीकडे चुलीवर पाणी तापतंय. पाणी कशाला तापतंय ते मला कळतं. मी काही कालचं पिल्लू नाही.

जन्म माझा नाते गावातला. तिथं राहीबाईचं माहेर. तिच्या भावजयीच्या कोंबडीनं आम्हाला उबवलं आणि आम्ही दाणे टिपायला लागलो न लागलो तोच राहीबाईनं पिशवीत भरून आम्हाला हिरकणीवाडीला आणलं. रायगडाच्या पायथ्याशी तिची खानावळ. दारावर पाटी, आणि येणारा प्रत्येक पर्यटक ती मोठ्यानं वाचायचा : 'घरगुती जेवण. गावठी कोंबडा मिळेल.' म्हणजे बघा, अजून तुरा फुटला नव्हता आणि आमचं नाव पाटीवर लागलेलं.

गड उतरून आलेल्या माणसाइतका वाईट प्राणी नाही. पाय थरथरत असतात, पण जीभ काही थकत नाही. "मावशी, गावठीच ना? पटकन होईल ना?" पटकन! आमचा आख्खा जन्म ह्यांना पटकन हवा असतो. माझे भाऊ एकेक करून असेच पटकन गेले. मग खुराड्यात मी एकटा उरलो आणि शनिवार उजाडला.

त्या शनिवारी राहीबाईनं मला धरलं तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालून घेतल्या. पण बाई चुलीकडे न जाता तुळशीकडे गेली. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पायात लाल दोरा बांधला आणि वाघजाईच्या देवळाकडे तोंड करून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली. तिचा मुलगा हर्षद ओट्यावर बूट घालत होता. तो गडावर गाईड आहे. गडावर दिवसभर घसा फोडून बोलतो, घरात मात्र तोंडाला कुलूप. त्या दिवशी कसं कोण जाणे, त्यानं विचारलं, "आई, काय बोललीस गो?"

"सूनबायच्या शिक्षनावर बोललेय," राहीबाई म्हणाली. "काम झालं की कोंबडा वाघजाईचा. तवर ह्याला कोणी हात लावायचा नाय."

झालं. मी देवाचा झालो. आता पाव्हणा येवो, पर्यटक येवो, माझ्या पिसालाही धक्का लागणार नव्हता.

सूनबाई म्हणजे प्रियदर्शिनी. माहेर महाड शहरातलं, बोलणं पुस्तकी, चाल ताठ. महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात कामगारांची मॅनेजर. रोज स्कूटरवरून जाऊन येऊन. आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून तिनं काढलं डॉक्टरेटचं खूळ. बिझनेस मॅनेजमेंटमधली डॉक्टरेट. परदेशातलं कुठलंसं विद्यापीठ, पण जायचं कुठेच नाही, सगळं लॅपटॉपवर. नोकरी करता करता शिकायचं, आपल्याच कामातला एक प्रश्न घ्यायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा. तिनं घेतला होता, कामगार नोकरी सोडून का जातात. तिच्या वरच्या साहेबाची खुर्ची रिकामी होणार होती आणि डॉक्टरेट असेल तर ती खुर्ची तिला मिळणार होती. हे ती हर्षदला पुन्हापुन्हा सांगायची, जणू त्यानंच अडवलंय.

सासूनं आपल्यासाठी नवस बोलला म्हणून बाईला काय गहिवरून आलं होतं! फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, वाटलं नव्हतं. आई वरून कडक आहेत, पण मनानं..." आणि माझ्याकडे बघून हसली. मला हसू आलं नाही. मी तेव्हाच ओळखलं, ही बया पास झाली की आपली मान गेली. तेव्हापासून ती माझी वैरीण.

हिचे क्लास शनिवारी-रविवारी. मागच्या खिडकीतच काय ते नेट धड यायचं, म्हणून तिथं टेबल टाकून बसायची. इकडे बाहेर माणसांच्या पंगती, राहीबाई एकटी भाकऱ्या थापतेय, घामानं निथळतेय, आणि आत सूनबाई कानाला यंत्र लावून इंग्रजीत हसतेय. राहीबाई मुद्दाम भांडी आपटायची. सूनबाई मुद्दाम खिडकी लावून घ्यायची. "चार हात असते तर बरं झालं असतं," असं सासू भिंतीला सांगायची, आणि "मी नोकरी करते, वेटर नाही," असं सून दाराला सांगायची. दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत, भिंत नि दार तेवढे शहाणे झाले.

आणि मी? मी खिडकीखाली जाऊन उभा राहायचो. तिनं तोंड उघडलं की मी मान वर करून अशी बांग द्यायचो की परदेशातला तो प्रोफेसर दचकायचा. एकदा तिनं पायातली चप्पल फेकली. एकदा पाण्याचा तांब्या रिकामा केला माझ्यावर. मी पंख झटकून परत हजर. तिचा प्रबंध दुरुस्तीला परत आला की मला दुप्पट भूक लागायची. एका वर्षी तर मुदतवाढ घ्यावी लागली तिला, तेव्हा मी छपरावर चढून आरवलो. तिचं जितकं लांबत होतं तितका मी जगत होतो. साधा हिशेब होता.

मला तिची कीव कधी आली नाही, खरं सांगतो. कामगारांना घरी जाऊन भेटायची, का रे बाबा काम सोडलंस, काय दुखलं तुझं, असं मायेनं विचारायची, लिहून घ्यायची. आणि स्वतःच्या घरातली बाई कशानं धुमसतेय, हे कधी एका शब्दानं विचारलं नाही. जळलं ते शिक्षण.

अशी चार वर्षं गेली. मग एक दिवस कळलं की प्रबंध मंजूर झाला, आता फक्त तोंडी परीक्षा. तीही लॅपटॉपवरच, रविवारी दुपारी. म्हटलं, गड्या, आता शेवटची लढाई. असा ओरडेन की हिला एक वाक्य धड बोलता येणार नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेजारची चंपाबाई आली होती. तिची सरबताची टपरी आहे. दोघी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या आणि मी खाली पडलेले दाणे टिपत होतो.

"मग, सून डाक्टर व्हनार म्हन," चंपाबाई म्हणाली. "तुझा नवस फळला गो."

राहीबाईनं आजूबाजूला बघितलं. "कसला फळला? मी काय बोलले होते ठाव हाय? हिचं हे खूळ सुटू दे, असं बोलले होते. चार वरसं झाली, वाघजाय ऐकत नाय."

"अगो बाय! आनि ती तर समजते..."

"समजू दे. ती डाक्टर झाली की मोठी सायबीन व्हनार, म्हाडात बिऱ्हाड करनार, माझ्या हर्षदला नेनार. मी हितं एकटी भाकऱ्या थापत मरू? उद्या नापास झाली ना, तर सोडून देनार हाय. कालच म्हनत व्हती, आता अंगात तरान नाय म्हनून. सुटलं तिचं खूळ, की सोमवारी कोंबडा वाघजायला."

माझ्या चोचीतला दाणा गळून पडला.

म्हणजे ती पास झाली तर मी मरणार, हे खोटं. ती नापास झाली तर मी मरणार! चार वर्षं मी खिडकीखाली उभा राहून स्वतःच्याच मानेवर सुरी घासत होतो की हो! त्या रात्री मी खुराड्यात डोळा मिटला नाही.

रविवार. सूनबाईनं नवी साडी नेसली आणि सगळ्यात आधी मला धरलं. "आज नाही हं, मेल्या," म्हणाली, आणि गोठ्यामागे नेऊन डालग्याखाली डाललं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. अहो, मला तर आज झाकून घ्यायचंच होतं!

पण राहीबाई कसली ऐकते? आत परीक्षा सुरू झाली, तशी ही पदर खोचून आली, डालगं उचललं, मला काखोटीला मारलं आणि नेऊन थेट खिडकीखाली सोडलं. "ओरड," म्हणाली हळूच. "रोज बोंबलतोस ना? आज ओरड."

मी चोच मिटून घेतली.

तिनं तांदूळ टाकले. मी ढुंकून बघितलं नाही. तिनं काठीनं डिवचलं. मी दोन पावलं सरकलो. तेवढ्यात चंपाबाईच्या कोंबड्यानं टपरीवरून बांग दिली. तुम्हाला नाही कळायचं ते. दुसऱ्यानं आपल्या हद्दीत बांग द्यावी आणि आपण गप्प राहावं, ह्यापेक्षा कोंबड्याला मेलेलं बरं. घशाशी आलेली बांग मी गिळली. आतून सूनबाईचा आवाज येत होता. पहिल्यांदा कापत होता, मग धीट झाला, मग तर ती अशी बोलायला लागली की जणू कारखान्याच्या गेटवर उभी राहून हजार माणसांना सांगतेय. मी तिचा आयुष्यभर दुस्वास केला, पण त्या घटकेला, बोल गो बाय, बोल, असं माझं मीच म्हणत होतो.

"भाड्या, आजच कसा रं मुका झालास?" राहीबाई रडकुंडीला आली.

मग आतून खुर्ची सरकली, दार उघडलं आणि सूनबाई ओरडली, "झाले! हर्षद, झाले मी!"

वाचलो! मी छपरावर झेपावलो आणि चार वर्षांत आरवलो नाही असा आरवलो. ती पास, मी पास.

आज सकाळपासून घरात पाव्हणे. कारखान्यातली माणसं आली, दारात फलक लागला, 'डॉ. प्रियदर्शिनी यांचे हार्दिक अभिनंदन', त्यावर वाडीतल्या सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो. मी फलकाखाली ऐटीत फिरत होतो. तेवढ्यात सूनबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, उद्या वाघजाईला जाऊ या. तुमचा नवस फेडायचाय. कोंबडा मी स्वतः घेऊन येते."

राहीबाई पीठ मळत होती. तिचे हात थांबले. देवीशी कसं खोटं बोलणार? देवीनं जे दिलंच नाही, त्याचं देणं तिच्यापुढे कसं ठेवणार?

"नवस फळलाच नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी तुझं शिक्षन सुटावं म्हनून बोलले होते."

हर्षदनं तोंड उघडलं आणि सवयीनं मिटलं. सूनबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं, आता ही भिंतीशी नाही, दाराशी नाही, सरळ सासूशी बोलणार. आणि बोललीच.

"चार वर्षं मी लोकांना सांगत फिरले, माझ्या सासूनं नवस बोललाय म्हणून."

"आनि चार वरसं मी एकटी राबत व्हते," राहीबाई कडाडली. "एकदा तरी इचारलंस, आई, कंबर दुखते काय?"

सूनबाई सासूच्या पिठानं भरलेल्या हातांकडे बघत राहिली. हजार कामगारांना विचारलेला प्रश्न घरात विचारायचा राहिला, हे तेव्हा तिला कळलं असावं. मग तिनं पदर खोचला.

"दुखते का?" तिनं विचारलं.

"मग? दुखनार नाय तर काय!"

"बसा तुम्ही. वाटण मी करते." आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. "आई, हा वाघजाईचा नाही, मग कोणाचा?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच समजलं. नवस फळला असता तर मी देवीचा. नवस फळला नाही, म्हणून मी पाव्हण्यांचा. राहीबाईनं मला धरलं, पायातला दोरा सोडला आणि म्हणाली, "सुटलास रं बाबा. सूनबाय, पातेलं मोठं घे गो."

तर हे असं आहे. पाटा हलतोय, म्हणजे वाटणाला घेतायत. सून विचारतेय खोबरं किती, सासू सांगतेय हातानं दाखवून. चार वर्षांत ह्या दोघी पहिल्यांदा एका कामाला लागल्या, आणि ते काम मी. मला काही आनंद झालेला नाही, उगाच डोळे पुसू नका. दोघींचंही तोंड मला बघवत नाही.

एकच सांगून जातो. पाव्हण्यांनो, घाई करू नका. चार वर्षं मुरलेला कोंबडा आहे मी, सहजासहजी शिजायचा नाही. बसू द्या म्हणावं दोघींना चुलीपाशी.