हात पोचत नाही तिथं

थंडी सुरू झाली की मोतीरामचं अंग भेगाळायचं. यंदा तर पाठीवर खवलेच धरले. सौंसरच्या डॉक्टरीणबाईंनी मलमाचा मोठा डबा दिला.

"आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच सगळीकडे लावा, काका. पाठीला घरी कोणी लावून देईल ना?"

"हो," मोतीराम म्हणाला.

घरी कोणी नव्हतं. बायको यमुना फेब्रुवारीत गेली. मुलगा अमोल पुण्याला. हातापायांना, पोटाला मलम नीट लागायचं. पाठीचा मधला भाग कोरडाच राहायचा. त्यानं उलथन्याला फडकं बांधून पाहिलं, पण मलम भिंतीलाच जास्त लागलं. शेजारची सोनाली सुनेच्या वयाची. तिला कसं सांगणार?

अमोलचा फोन आला. "मलम लावता ना, बाबा?"

"लावून राहिलो ना."

आठवड्यानं सदऱ्याला रक्त लागलं. तेव्हा रविवारी डबा पिशवीत घालून त्यानं रामाकोन्याची बस धरली. तिथं त्याची धाकटी बहीण मनकर्णा राहायची. यमुनाच्या तेरवीनंतर तो तिच्याकडे गेलाच नव्हता.

कापूसवेचणीला सुट्टी म्हणून ती घरीच होती. त्याची पाठ पाहून ओरडलीच, "अरे दादा! मले सांगाले काय झालं होतं?"

"काय सांगू? पाठीले मलम लावाले कोनी नाही म्हनून?"

"हो! हेच सांगाचं!"

तिनं त्याला पाटावर बसवलं, कोमट पाण्यानं पाठ पुसली आणि मलम चोळू लागली. कापसाच्या बोंडांनी तिची बोटं खरखरीत झाली होती.

"टोचते का रे?"

"नाही. लाव."

दहा महिन्यांत त्याच्या अंगाला कोणाचा हात लागला नव्हता. डोळे भरून आले तसं त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. मलम जिरलं तरी मनकर्णाचा हात फिरतच राहिला.

"राह्य आता चार दिवस इथंच."

"एका खोलीत सहा मानसं तुमी. मी कुठं झोपू?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "दर रविवारी येत जा मंग."

संध्याकाळच्या बसनं तो परतला. सोमवारी आंघोळ करून, हात पोचेल तिथं मलम लावून, उघड्या पाठीनं दारात उन्हाला बसला. पाठीचा मधला कोरडा भाग हळूहळू ताणल्यासारखा होऊ लागला. सदरा चढवून तो आत गेला आणि एकट्यापुरता चहा ठेवला.