माळपेठचा हलका उद्योग

दत्तोबा कोकरे माळपेठच्या नगरपालिकेत चार वर्षं नगरसेवक होते आणि या चार वर्षांत ते सभागृहात एक शब्दही बोलले नव्हते. त्याचा कुणाला त्रास नव्हता. ते वेळेवर यायचे, मागच्या बाकावर बसायचे, चहा आला की बशीत ओतून प्यायचे आणि जास्त हात वर गेलेले दिसले की आपलाही वर करायचे. वॉर्डातली माणसं म्हणायची, आमचा नगरसेवक खोटं बोलत नाही. ते खरंच होतं.

माळपेठ बारामतीहून इंदापूरला जाताना लागतं. गावाच्या वरच्या अंगाला साठ एकरांचा खडकाळ माळ आहे, पूर्वीचं गायरान. त्याच्या कडेला दत्तोबांचं घर आणि घराला लागून मेंढरं कोंडायचं वाडगं. वडिलांच्या वेळी तीनशे मेंढरं होती, आता तेरा उरली होती. पोरं ट्रकवर आणि दूध संघात कामाला लागली, पण दत्तोबांना मेंढरांशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

शहाण्णव सालच्या मार्चात नगराध्यक्ष सोपानराव गावडे यांनी प्रस्ताव आणला. गावाच्या आराखड्यात हा माळ हिरव्या रंगात, म्हणजे शेतीच्या पट्ट्यात दाखवला होता. तो तिथून काढून 'लाईट इंडस्ट्री'च्या जांभळ्या पट्ट्यात टाकायचा. बारामतीला कारखाने आले, तिकडची पोरं कामाला लागली, आपणच का मागं राहायचं, असं त्यांचं म्हणणं. नियमाप्रमाणे लोकांच्या हरकती मागवायच्या होत्या. पालिकेच्या कारकुनानं इंग्रजी मसुदा घेतला, शब्दकोश उघडला आणि फळ्यावर नोटीस लावली: 'सदर जमीन हलक्या उद्योगांसाठी देण्याचे योजिले आहे.'

तिथून गाव फाटलं.

ज्यांनी नोटीस वाचली नव्हती, नुसतं कानावर आलं होतं, त्यांना वाटलं माळावर लाईट येणार. त्या उन्हाळ्यात दिवसातले सात-आठ तास लाईट नसायची, त्यामुळे ही माणसं प्रस्तावाच्या बाजूनं खंबीर उभी राहिली. ज्यांनी नोटीस वाचली, ते चिडले. आपल्या गावाला हलका उद्योग कशासाठी? द्यायचा तर भारी द्या. तालमीतल्या पोरांनी तसं निवेदन तयार केलं आणि त्यावर दोनशे सह्या पडल्या.

खरा अर्थ दोनच माणसांना माहीत होता. एक सोपानराव आणि दुसरे विरोधी गटाचे आबाजी ताकवणे. आबाजींचा बागायती ऊस माळाच्या खालच्या अंगाला होता. कारखाने आले तर खुरपायला बाया मिळणार नाहीत, ही त्यांची खरी काळजी. पण दोघांनीही लोकांचा गैरसमज दूर करायची घाई केली नाही.

सभागृहात सतरा सदस्य. आठ सोपानरावांचे, आठ आबाजींचे. सतरावे दत्तोबा. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच हात वर करताना इतरांकडे बघता येणार नव्हतं.

सोपानराव स्वतः घरी आले. घोंगडीवर बसले. डोक्यावरचा पंखा बंद होता.

"तात्या, लाईट इंडस्ट्री येती. हात वर करा," ते म्हणाले.

"लाईट म्हंजी आपली लाईट?" दत्तोबांनी विचारलं.

सोपानरावांनी पंख्याकडं बघितलं. "आता लाईट म्हंजी लाईटच की."

दुसऱ्या दिवशी आबाजी आले.

"तात्या, तुमच्या बापजाद्यांनी ज्या माळाव मेंढरं राखली, त्याला हलकं म्हनत्यात. तुमाला चालतं ह्ये?"

"आबा, मागं तुमीच त्याला खरजुला माळ म्हनला हुता."

"त्ये घरातल्या मानसाचं बोलनं. ह्ये सरकारी कागदाव हाय."

दोघंही गेल्यावर दत्तोबा बराच वेळ वाडग्याच्या दगडावर बसून राहिले. प्रयागबाई, त्यांची बायको, मेंढरांना पाणी ओतत होती. ती म्हणाली, "उद्योग म्हंजी काय त्ये दोगंबी सांगंनात. मग तुमी बगून या की. बारामतीची एस.टी. दारावरनं जाती."

दत्तोबांना हे पटलं. ज्या गोष्टीला हात वर करायचा ती एकदा डोळ्यानं पाहिलेली बरी.

बारामतीच्या एमआयडीसीत ते सकाळी नऊ वाजता पोचले आणि समोर दिसला त्या पहिल्या फाटकाशी गेले. रखवालदारानं विचारलं, काय काम आहे. दत्तोबा म्हणाले, उद्योग बघायचाय. रखवालदारानं पास मागितला. पास कुठं मिळतो, असं दत्तोबांनी विचारलं, तर तो आत मिळत होता. मग दत्तोबा समोरच्या सुबाभळीखाली जाऊन बसले. मेंढक्याला बसून राहण्याचं काही वाटत नाही. पाचसहा तास एका जागी बसून समोरचं बघत राहणं हाच त्यांचा जन्माचा धंदा होता.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली आणि निळी साडी नेसलेल्या बाया डबे घेऊन बाहेर आल्या. त्यातली एक सुबाभळीखाली आली. तिनं दत्तोबांना अर्धी भाकरी दिली आणि स्वतःचं नाव सांगितलं, भामाबाई. माहेर निरवांगीचं.

"आत काय करता वं?" दत्तोबांनी विचारलं.

"टोपनं."

"कसली?"

"पेनाची. पेनाला टोपन आसतं न्हवं, त्ये."

"आन पेन?"

"पेन हितं न्हाय हुत. पेन कुठंतरी दुसरीकडं करत्यात. आमी निस्ती टोपनं."

दत्तोबांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला. "मग त्या पेनवाल्यांनी जरा जाड पेन केलं तर?"

"त्येचा इचार सायेब करत्यात."

"तुमी पेन बगितलं हाय का त्ये?"

"दोन वर्सं झाली, आजून न्हाय बगितलं," भामाबाई म्हणाली. तिला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. मग ती म्हणाली, "पर बाबा, कंबर वाकवावी लागत न्हाय. डोक्याव सावली आसती. निरवांगीत मी उनात खुरपत हुते तवा पाठ रातभर ठनकायची. आता न्हाय ठनकत."

सुट्टी संपली. जाताना तिनं पदराच्या गाठीतून एक लाल टोपण काढून त्यांना दिलं. चुकलेलं होतं, तोंडाशी वाकडं झालेलं. घरी आल्यावर प्रयागबाईनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"ह्येच का उद्योग?"

"अर्धा," दत्तोबा म्हणाले.

त्या दिवसापासून ते विचारात पडले. टोपणाची गोष्ट त्यांना अर्धवट वाटत होती. मेंढरू म्हणजे शिंगापासून खुरापर्यंत मेंढरू, त्याचं नुसतं शेपूट कुणी पाळत नाही. पण भामाबाईची न ठणकणारी पाठही त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. वॉर्डातल्या किती बायका आबाजींच्या उसात वाकलेल्या असतात, ते त्यांना घरातून रोज दिसत होतं. अखेर त्यांचं ठरलं. प्रस्तावाला हात वर करायचा, आणि का केला तेही उभं राहून सांगायचं. प्रयागबाईसमोर त्यांनी चार वाक्यं म्हणून दाखवली. तिनं त्यातलं एक काढून टाकायला लावलं.

मतदानाआधी पुण्याहून नगररचनेचे साहेब जागा बघायला येणार होते. एप्रिलातल्या त्या माळावर हिरवं म्हणावं असं एक तरवडाचं झुडूप होतं. शेतीचा पट्टा हिरवा दिसला पाहिजे म्हणून आबाजींनी आदल्या संध्याकाळी उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, दोन ट्रॉल्या माळावर आणल्या आणि गड्यांकडून एकेक वाढं खड्डा करून रोवून घेतलं. सकाळी उठून पाहावं तर माळ हिरवागार. गावातली म्हातारी माणसं बघायला आली. एकानं तर वाण कोणतं म्हणून चौकशी केली.

सोपानराव आले आणि सटपटले. वाढी उपटावीत तर उभ्या पिकाची नासाडी केली म्हणून आबाजी तक्रार करणार. ते पळत दत्तोबांकडे गेले.

"तात्या, मेंढरं सोडा."

"आत्ताच सोडतुया. रोजचाच येळ हाय," दत्तोबा म्हणाले.

तेरा मेंढरांनी आयुष्यात असा माळ बघितला नव्हता. ती मान खाली घालून सुटली. साहेबांची जीप आली तेव्हा दोन सऱ्या संपल्या होत्या आणि तिसरी चालू होती.

आबाजी साहेबांना म्हणाले, "बघा सायेब, चराई चाललीया. ही शेतीच झाली."

सोपानराव म्हणाले, "न्हाय सायेब. लोकर निघती. हा उद्योग झाला."

साहेब शांत माणूस होते. त्यांच्याकडे छापील तक्ता होता आणि तो भरल्याशिवाय त्यांना पुण्याला परत जाता येत नव्हतं. त्यांनी दोघांना बाजूला केलं आणि दत्तोबांना विचारलं, "हे तुमचं का?"

"व्हय."

"कच्चा माल काय?"

दत्तोबांनी मेंढरांकडं बघितलं. "आज वाढी. एरवी गवत, काटंकुटं."

"तयार माल?"

"लोकर. आन लेंड्या."

"वजनाला कसा?"

"लोकर हलकीच आसती सायेब."

साहेबांनी लिहून घेतलं. "धूर?"

"न्हाय."

"आवाज?"

"थोडा हाय. सांजच्याला."

"सांडपाणी?"

दत्तोबा खोटं बोलत नसत. "हाय थोडं. पर जिमिनीतच मुरतं."

"कामगार?"

"मी आन आमची मंडळी."

साहेबांनी तक्त्यावर सही केली, प्रयागबाईनं दिलेला चहा घेतला आणि जीप निघून गेली. तोवर वाडग्यापुढचा माळ पुन्हा पूर्वीसारखा उघडा झाला होता. खाऊन फुगलेली मेंढरं तरवडाच्या सावलीला बसली होती.

सभेच्या दिवशी दत्तोबा नवी पांढरी टोपी घालून आले. गॅलरीत माणसं मावत नव्हती. एका बाजूला लाईटवाले, दुसऱ्या बाजूला भारी उद्योगवाले. मुख्याधिकाऱ्यांनी पुण्याचा अहवाल वाचून दाखवला. सदर जागेवर हलका, प्रदूषण न करणारा उद्योग आधीपासून चालू असल्याचे पाहणीत आढळून आले आहे. त्यामुळे जमिनीच्या वापरात कोणताही बदल होत नाही. नकाशावरचा हिरवा रंग ही आराखडा करतानाची चूक असून ती दुरुस्त करून तिथं जांभळा रंग द्यावा. दुरुस्तीला मतदानाची गरज नाही.

मग सोपानरावांनी टाळी वाजवली, कारण माळ जांभळा झाला होता. थोड्या वेळानं आबाजींनीही वाजवली, कारण वापरात बदल नाही म्हणजे कारखाना येत नव्हता. दोघांच्या माणसांनी बाहेर फटाके लावले.

दत्तोबा उभे राहिले.

"मला बोलायचं हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज ओळखीचा नसल्यामुळे सगळ्यांनी मागं वळून बघितलं.

सोपानराव म्हणाले, "तात्या, इषय संपला. आता पुढचा इषय गटाराचा हाय."

"मी बारामतीला जाऊन आलुया. तितल्या बायांची पाठ—"

"पाठीचा इषय पत्रिकेत न्हाय, तात्या. बसा."

दत्तोबा बसले नाहीत. गटाराचा विषय मंजूर होईपर्यंत ते उभेच राहिले, ओठ मिटून, बाकाला धरून. त्यांना राग आला नव्हता. एवढे दिवस डोक्यात जपून आणलेली तीन वाक्यं आता कुठं ठेवायची ते त्यांना कळत नव्हतं. इतिवृत्तात कारकुनानं लिहिलं: 'एक सदस्य उभे होते.'

त्या पावसाळ्यानंतर नकाशा रंगवून आला. वीज मंडळाला औद्योगिक पट्टा झाल्याचं पत्र गेलं आणि माळावर तीन खांब आले. त्या पट्ट्यात उद्योग एकच, त्यामुळे तारा वाडग्यापर्यंतच ओढल्या. औद्योगिक लाईन असल्यानं तिला भारनियमन नव्हतं. गावात अंधार पडला की बायका मिक्सर घेऊन वाडग्यावर यायच्या आणि मेंढरांच्या शेजारी बसून शेंगदाण्याचा कूट करायच्या. लाईटवाल्यांना आपलं खरं झाल्यासारखं वाटलं. उद्योग हलकाच निघाला, म्हणून भारी उद्योगवाल्यांनाही आपलं म्हणणं खरं होतं असं वाटलं. नव्या मतदानाची मागणी कुणी केली नाही.

दत्तोबा मात्र गप्प बसले नाहीत. दर सभेत ते उभे राहून बायांच्या पाठीबद्दल विचारायचे आणि दर सभेत विषय पत्रिकेत नसायचा. मग त्यांनी कारकुनाला विचारून पत्रिकेत विषय कसा घालायचा ते शिकून घेतलं, अर्ज केला आणि सहा महिन्यांनी आबाजींना उसातल्या कामकरी बायकांसाठी बांधावर सावलीचं शेड घालायला लावणारा ठराव नऊ विरुद्ध आठ मतांनी मंजूर करून घेतला. आबाजी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. नंतर पत्रे आणताना त्यांनीच दत्तोबांना विचारलं, छपराला उतार कुठल्या अंगाला द्यावा.

पुढच्या मार्चात कारखान्यांची पाहणी करणारे एक निरीक्षक आले. दत्तोबा पालिकेत होते. निरीक्षकांनी वाडग्यापुढं खुर्ची मागितली आणि प्रयागबाईला विचारलं, "आठवड्याची सुट्टी कधी असते?"

प्रयागबाई मेंढीचा खूर बघत होती. ती म्हणाली, "कुनाची?"

"कारखान्याची."

"ही आइतवारीबी खात्यात की."

निरीक्षकांनी थोडा विचार केला आणि रकान्यात लिहिलं: 'अखंड प्रक्रिया.' मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ती मेंढी लंगडते का, असं विचारलं.

"काटा हाय," प्रयागबाई म्हणाली. "जरा धरा हिला."

निरीक्षक उठले, बाह्या सारल्या आणि त्यांनी मेंढीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.