पानाची मागची बाजू

मित्रांनो, वर्तमानपत्राचं आयुष्य एका दिवसाचं, असं सगळेच म्हणतात. मला मात्र बावीस वर्षं झाली आणि अजून मी रद्दीत गेलेलो नाही. धामणकर नाक्यामागच्या एका वाचनालयातला मी जुना बांधीव खंड. भिवंडीतल्या एका छोट्या दैनिकाचे सहा महिन्यांचे अंक माझ्या पोटात आहेत. ते दैनिक केव्हाच बंद पडलं.

त्या काळी वाचनालयात दैनिकाच्या दोन प्रती येत. एक बांधून ठेवायची आणि दुसरी कापायची. ग्रंथपाल सुकन्याताई तेव्हा नव्या आणि भारी हौशी होत्या. दुसऱ्या प्रतीतल्या कामाच्या बातम्या कापून त्या कोऱ्या कागदावर खळीने चिकटवत आणि विषयवार फायली लावत. एके दिवशी दुसरी प्रत कोणीतरी चहाच्या टपरीवर नेली, ती परत आलीच नाही. नेमकी त्याच दिवशी यंत्रमागाच्या वीजदराची मोठी बातमी होती. ताईंनी बांधायच्या प्रतीलाच कात्री लावली.

बाइंडर मोमीनचाचांनी मला शिवलं, पाठीला लाल कापड लावलं. शिवताना ते थबकले. म्हणाले, "बेटी, एक पन्ने में तो खिड़की है. चलेगा?"

"चलेगा चाचा," ताई म्हणाल्या. "पीछे कुछ काम का नहीं होगा."

असा मी जन्मतःच पोटात एक खिडकी घेऊन कपाटात आलो. तरी माझा तोरा कमी नव्हता. कथा-कादंबऱ्या घरोघर हिंडायच्या. शब्दकोश, नकाशे आणि मी मात्र संदर्भ विभागातले, आम्हाला दाराबाहेर न्यायला मनाई. वकील यायचे ते जुन्या नोटिशीची तारीख शोधायला, पोरं यायची ती प्रकल्पासाठी. कोणी मला उघडलं की मासिकं मत्सराने बघायची, निदान मला तरी तसं वाटायचं.

मग संगणक आला. आता सगळं यातच मिळतं, असं लोक म्हणू लागले. आमचं दैनिक त्यात कधी चढलंच नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्यावर आसपासच्या यंत्रमागांची रुई साचली. शिपाई पंखा पुसायला माझ्यावर उभा राहायचा. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मागच्या वर्षी राहनाळच्या जानकीबाई जिना चढून आल्या. सत्तरी उलटलेली, नजर अधू. त्यांचे यजमान काळूराम गोडाऊनमध्ये हमाल होते. वडपे गावातल्या गोडाऊनला आग लागली तेव्हा त्यांनी दोन कामगारांना बाहेर काढलं, म्हणून दैनिकात त्यांचा फोटो आला होता. पुढे ते आजाराने गेले. नंतर खाडीचं पाणी घरात शिरलं आणि ट्रंकेतले फोटो चिखलात गेले.

"तेंचा आवाज आठवतो बाय," जानकीबाई म्हणाल्या. "हात आठवतान. तोंडच आठवत न्हाय. डोलं मिटलं तरी दिसत न्हाय."

ताईंनी मला खाली काढलं, रुई झटकली. कितीतरी वर्षांनी मला टेबल मिळालं होतं. मी मनातून फुलून गेलो, पण ते पान जवळ येऊ लागलं तसा हबकलो. पान उघडलं. खाली नाव होतं, 'धाडसी हमाल काळूराम'. वर माझी खिडकी. खिडकीतून पुढच्या पानावरच्या स्कूटरच्या जाहिरातीतला हसरा माणूस दिसत होता.

जानकीबाई पानावर वाकल्या. बराच वेळ त्या माणसाकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "ह्येच का गं ते?"

"नाही मावशी," ताई कशाबशा म्हणाल्या. कापलेल्या कडा त्यांनी ओळखल्या होत्या. त्यांचीच कात्री होती ती. तशाच उठून त्यांनी 'यंत्रमाग' नावाची फाईल काढली आणि तारखेवरून कात्रण शोधलं. वर वीजदराची बातमी होती. काळूराम तिच्या पाठीला होते, खळीने कागदाला पालथे चिकटलेले.

ताईंनी तो कागद खोलीच्या खिडकीपाशी उन्हात धरला. अक्षरांच्या मागून हळूहळू एक चेहरा वर आला. वीजदराच्या ओळी त्याच्या कपाळावरून गेल्या होत्या.

"भांग उलट्या अंगाला दिसतोय," जानकीबाई म्हणाल्या. मग त्यांचं बोट कागदावर थांबलं. "हनवटीला खाच. ही खाच तर मी इसरलीच व्हती." आणि त्या रडल्या. ताईही रडल्या.

"पाण्यात भिजवून सोडवून बघू का? फाटेल कदाचित, पण सुटलाच तर घरी नेता येईल."

"पान्यात नको बाय. एकदा पान्यानंच नेलाय त्यांना. हितंच ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून त्या महिन्यातून एकदा रिक्षाने यायच्या. अकराच्या सुमाराला खिडकीत ऊन येतं. ताई कागद धरायच्या, त्या बघायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या. फाईल आता माझ्याच शेजारी असते. काळूराम आणि त्यांचं नाव पुन्हा एका फळीवर आलं, एवढंच.

गेल्या महिन्यात त्या आल्या त्या कोणाचा तरी हात धरून. ताईंनी कागद धरला. जानकीबाई बघत राहिल्या, मान इकडे तिकडे करून पाहिली. मग म्हणाल्या, "आज ऊन न्हाय का गं?"

ऊन लख्ख होतं. टेबल तापलं होतं.

"नाही मावशी," ताई म्हणाल्या. "आज ढग आहेत."

"मग पुढच्या टायमाला," असं म्हणून जानकीबाईंनी कागदावरून हात फिरवला आणि जिन्याकडे वळल्या.

मित्रांनो, सुकन्याताई वाईट नाहीत. माझ्यावर त्यांच्याइतकी माया कोणी केली नाही. त्यांनी फक्त त्या दिवशी पान उलटून बघितलं नाही. तुम्ही कात्री हातात घ्याल तेव्हा एवढं करा. मागे कोणीतरी असतं, आणि त्याला बघायला कोणीतरी जिना चढून येणार असतं.