फोर्थविथ म्हणजे कधी?

पाय मोडलेली आत्या लिफ्ट बंद पडल्यामुळे पाचव्या मजल्यावर अडकून पडली होती. इंग्रजी भाडेकरारात स्पष्ट होतं, घरमालकानं लिफ्ट ‘फोर्थविथ’ दुरुस्त करावी. तो दाद देईना, तेव्हा वकील भाचीनं त्याला कोर्टात खेचलं.

“फोर्थविथ म्हणजे सवडीनं,” मालकाचे वकील ठासून म्हणाले.

भाचीनं विचारलं, “नियम मोडला तर भाडेकरूनं घर फोर्थविथ सोडावं, असंही यात आहे. तेही सवडीनंच ना?”

“छे! तिथं म्हणजे ताबडतोब!” वकील बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

न्यायाधीशांना हसू आवरेना. “मग लिफ्टही ताबडतोब,” त्यांनी निकाल दिला.

भाचीनं बाहेर येऊन फोन लावला. “आत्या, जिंकलो गं!”

आत्या आनंदानं अशी ओरडली, की शेजारीपाजारी धावत आले.